मोराला डोंगर, माळढोकाला माळ : बालाघाटाच्या दोन अभयारण्यांचा इतिहास

बालाघाटाच्या माथ्यावर आणि उतारावर पक्ष्यांच्या नावाने राखलेली दोन अभयारण्ये आहेत. बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य १९९४ साली झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर. दुसरे त्याच्या पंधरा वर्षे आधीचे, सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेले जवाहरलाल नेहरू माळढोक पक्षी अभयारण्य. लोक त्याला नान्नजचे अभयारण्य म्हणतात, कारण माळढोक पाहायचा तर सोलापूर–बार्शी रस्त्यावरच्या नान्नजलाच जावे लागे. धारूरचे डोंगर याच रांगेचे, पण ते दोन्ही अभयारण्यांच्या बाहेर आहेत. धारूरचा घाट उतरून तेलगावकडे निघाले की बालाघाट संपतो आणि गोदावरीकाठची गंगथडी सुरू होते. वरची जमीन मुरमाड, खालची काळी. दोन्ही अभयारण्यांचा इतिहास या वरच्या मुरमाड जमिनीचा आहे.

या जमिनीला महसुली दप्तरात कधी मान मिळाला नाही. सातबाऱ्यावर ती पोटखराबा, गावच्या बोलण्यात माळ, योजनांच्या भाषेत पडीक. हातभर मुरूम, खाली कातळ आणि बेभरवशाचा पाऊस, म्हणून इथे दाट झाडी होत नाही. जे उगवते ते गवत: कुसळी, पवन्या, मारवेल, शेडा. मधूनमधून हिवर, बोराटी, तरवड. उन्हाळ्यात हा माळ पाहणाऱ्याला उजाड वाटतो आणि तिथे झाडे लावावीत असा विचार त्याच्या मनात येतो. याच विचाराने पुढे नान्नजचे मोठे नुकसान केले. हा माळ मुळात उघडाच असतो आणि काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक, पखुर्डी, चंडोल, तणमोर आणि माळढोक ही मंडळी त्या उघडेपणावरच जगतात, हे कळायला फार उशीर लागला.

माळढोक हा उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. नराचे वजन १५ किलोपर्यंत जाते, मादी त्याहून बरीच लहान. उंच मान, डोक्यावर काळी टोपी, पाय लांब आणि चालणे सावकाश. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, हरभऱ्याचे घाटे, पडलेले दाणे असे काहीही तो खातो. त्यामुळे जुन्या ज्वारी–करडईच्या शेताशी त्याचे भांडण नव्हते. शिकाऱ्यांशी मात्र होते. एवढ्या मोठ्या, मांसल आणि उघड्यावर उभ्या राहणाऱ्या पक्ष्यावर नेम धरणे सोपे असते, जीप आल्यावर तर फारच सोपे झाले. राष्ट्रीय पक्षी निवडण्याची चर्चा झाली तेव्हा डॉ. सालिम अली यांनी माळढोकाची बाजू घेतली होती. १९६३ मध्ये निवड झाली मोराची. मोर सर्वांच्या ओळखीचा, पुराणात असलेला आणि मंदिराच्या शिखरावर बसलेला. माळढोक कित्येकांनी पाहिलाही नव्हता. १९६९ मध्ये पक्षितज्ज्ञ धर्मकुमारसिंहजींनी देशभरातल्या माळढोकांचा अंदाज केला, तो १,२६० भरला.

महाराष्ट्रात या पक्ष्याकडे लक्ष गेले ते १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षी. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावर माळढोक असल्याचे लोकांसमोर आणले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि माळढोक व मोर दोघेही त्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले. दुष्काळामुळे आणखी एक गोष्ट घडली, तिचा हेतू पक्षी वाचवण्याचा नव्हता. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली सोलापूर जिल्ह्यात माळाचे तुकडे चर खोदून बंद करण्यात आले, चराईबंदी झाली, वैरणीचे गवत आणि झाडे वाढवण्याचे काम निघाले. चराच्या आत जनावर जाईना. दोन पावसाळ्यांत गवत गुडघ्याला लागले आणि माळढोकाच्या माद्या तिथे अंडी घालू लागल्या. सरकारी योजनेने चुकून केलेल्या चांगल्या कामांत याची गणना व्हायला हरकत नाही.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस देशभर माळढोकाची चर्चा होती. १९७८–७९ मध्ये अरब पाहुण्यांनी जैसलमेर भागात केलेल्या शिकारीविरुद्ध राजस्थानात मोठा गदारोळ उठला. याच वातावरणात सप्टेंबर १९७९ मध्ये महाराष्ट्र शासनाने नान्नजसह माळढोक अभयारण्य जाहीर केले. जाहीर झालेले क्षेत्र होते ८,४९६ चौरस किलोमीटर. या आकड्याचा अंदाज यावा म्हणून: संपूर्ण बीड जिल्हा १०,६९३ चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे जवळजवळ चार पंचमांश बीड जिल्ह्याएवढे अभयारण्य, तेही एका पक्ष्यासाठी. त्यात वनजमीन थोडी, बाकी शेती, गावे, बाजारपेठा, हमरस्ते, रेल्वे.

एवढे क्षेत्र घेण्यामागे चुकीचा विचार होता असे म्हणता येत नाही. माळढोक एका जागी राहत नाही. पावसाळ्यात गवताच्या तुकड्यावर घर मांडतो, सुगीनंतर दूरच्या शेतांत पांगतो. पण कागदावरची रेषा आणि जमिनीवरचा बंदोबस्त यांत ताळमेळ राहिला नाही. प्रत्यक्ष राखणे झाले ते नान्नज आणि आसपासच्या वनजमिनीच्या काही तुकड्यांचे; उरलेल्या हजारो चौरस किलोमीटरवर वन विभागाचा माणूस दिसत नसे, दिसे तो परवानगीचा अडसर. जमिनीचा व्यवहार, खाण, कारखाना, रस्त्याचे रुंदीकरण, प्रत्येक गोष्टीत अभयारण्याचे नाव पुढे येऊ लागले. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात माळढोक पाहिला नव्हता त्याच्याही मनात त्याच्याविषयी राग बसला. पक्षी उरला तर जमीन जाईल, ही भीती एकदा गावात पसरली की शिकाऱ्याची बातमी वनरक्षकापर्यंत पोचत नाही.

अभ्यासाचे काम मात्र नान्नजला उत्तम झाले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८१ पासून संकटग्रस्त पक्ष्यांचा प्रकल्प हाती घेतला, डॉ. असद रहमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशातले करेरा, आंध्रातले रोलापाडू, राजस्थान आणि नान्नज येथे वर्षानुवर्षे माळढोकाच्या मागे फिरून त्याचे जीवन नोंदले. पावसाळ्यात नर माळावरची एखादी उंचशी जागा धरतो आणि तीच जागा वर्षानुवर्षे वापरतो. पहाटे आणि संध्याकाळी तो गळ्याची पिशवी फुगवतो. ती पांढऱ्या बोचक्यासारखी पायांपर्यंत लोंबते, शेपूट पाठीवर उलटते आणि घुमटातून यावा तसा खोल हुंकार माळावर दूरवर ऐकू जातो. मादी उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला, बहुधा एकच अंडे घालते. ती सुमारे चार आठवडे एकटीच अंड्यावर बसते. पिल्लू पुढच्या हंगामापर्यंत तिच्या पाठी फिरते. म्हणजे कुत्र्याने, मुंगसाने किंवा कावळ्याने एक अंडे खाल्ले की त्या मादीचे बहुधा पूर्ण वर्ष गेले.

वनीकरणाने काय केले ते या माहितीवरून समजते. सत्तर–ऐंशीच्या दशकांत वनीकरण हे निर्विवाद पुण्यकर्म होते. रोजगार हमीवर खड्डे खणले जात, रोपे लागत, आणि काम मोजले जाई ते जिवंत रोपांच्या टक्केवारीवर. नोंदवहीत गवताला रकानाच नव्हता. मुरमाड जमिनीत टक्केवारी राखायची तर जगणारेच झाड हवे. म्हणून उंदीरमारी, म्हणजे ग्लिरिसिडिया, आणि सुबाभूळ लागली. दोन्ही मध्य अमेरिकेकडची, भराभर वाढणारी. सोबत कडुनिंब आणि बाभूळही होती. अधिकाऱ्यांनी सांगितलेले काम चोख केले, रोपे जगली. आठ–दहा वर्षांत माळावर ओळीने हिरव्या भिंती उभ्या राहिल्या. माळढोकाचा बचाव दुरून पाहण्यात आहे. त्याला चहूबाजूंना नजर पोचायला हवी. झाडांच्या ओळींनी नजर अडली, सावलीने गवत विरळ झाले, आणि कावळ्यांना व शिकारी पक्ष्यांना टेहळणीसाठी फांद्या मिळाल्या. ज्या बंदिस्त तुकड्यांनी एकदा माळढोकाला आसरा दिला होता, ते तुकडे त्याच योजनेतल्या झाडांनी त्याच्यासाठी निकामी केले. पुढे नान्नजमध्ये ही झाडे काढण्याचे काम वन विभागाला हाती घ्यावे लागले. लावलेले झाड तोडणे हे वनखात्यात सोपे नसते; कागदावरही नाही आणि मनातही नाही.

कुंपणाबाहेरचे बदल याहून वेगाने झाले. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि सोलापूर जिल्ह्यात उसाचे क्षेत्र वाढत गेले. बोअरवेलने उरलेसुरले माळ पिकाखाली आणले. ज्वारीच्या धसकटांत माळढोक चरू शकतो, पण उसाच्या फडात तो शिरतही नाही. पाठोपाठ विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत, समोरचे त्याला कमी दिसते. जड शरीरामुळे ऐन वेळी वळणेही जमत नाही. राजस्थानात तारांवर आदळून मरण पावलेल्या माळढोकांमुळे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला आणि मार्च २०२४ मध्ये त्यात बदल करून तज्ज्ञ समिती नेमली. भटकी कुत्री हा तिसरा धोका. गावोगावच्या उकिरड्यांवर पोसलेल्या कुत्र्यांना माळावरचे घरटे हुंगून काढायला वेळ लागत नाही.

लोकांचा रोष आणि कागदावरचे अवाढव्य क्षेत्र यांचा निकाल अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने लागला आणि अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. सातव्या हिश्श्याएवढे. तोवर पक्षीही तसाच आटला होता. ऐंशीच्या दशकात नान्नज परिसरात जे माळढोक काही डझनांत मोजले जात, त्यांची संख्या २०१० नंतर एका अंकावर आली. २०११ मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले. आज देशात दीडशेहून कमी माळढोक मोकळे फिरतात, त्यांतले बहुतेक राजस्थानच्या थर वाळवंटात.

नायगावची हकिकत निराळी. मोरासाठी जागा राखली गेली तेव्हा मोर संकटात नव्हता; पाटोद्याच्या डोंगरकपारींत तो आधीपासून भरपूर होता, आणि त्याच्या निमित्ताने बालाघाटाचा एक रानपट्टा राखला गेला. इथले रान शुष्क पानगळीचे आणि काटेरी: धावडा, खैर, पळस, सालई, हिवर, बोर. ओढ्यांच्या घळी, वर कातळ, मध्ये कुरणाचे तुकडे. मोराला नेमके असेच लागते. दिवसा चरायला उघडी जमीन, लपायला झुडूप आणि रात्री बसायला उंच झाड. लांडोर एका वेळी चार–सहा अंडी घालते. धान्य, किडे, साप, सरडे, कोवळे कोंब, पडलेली बोरे असे सगळे मोराला चालते; शेतकऱ्याच्या विहिरीवर पाणी पितो, वस्तीच्या कडुनिंबावर झोपतो. त्याला मारणे लोकांच्या जिवावर येते, हेही त्याच्या पथ्यावर पडले. देशभरातल्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात मोरांची संख्या वाढत असल्याचे दिसले. माळढोकाची मात्र घट नोंदली गेली.

नायगावचे कामकाज मोठ्या घोषणांचे नाही, हंगामाप्रमाणे चालणारे आहे. पावसाळ्यापूर्वी सलग समतल चर आणि दगडी बांध, पावसाळ्यानंतर जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत कापून किंवा जाळून केलेले पट्टे; मार्चपासून कृत्रिम पाणवठ्यांत टँकरने पाणी. एप्रिल–मे महिन्यांत पाणवठा हेच अभयारण्याचे केंद्र असते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री प्राण्यांची मोजणी होते, तीही त्याच्याच काठी: वनरक्षक, वनमजूर आणि हौशी मंडळी मचाणावर बसतात, बोलायचे नाही, विडी पेटवायची नाही. अंधार पडण्याआधी मोर एकेक करून उतरतात, मान तिरकी करून पाणी पितात, पुन्हा वर जातात. चंद्र वर आल्यावर कधी चिंकारा, कधी रानडुक्कर, कधी सायाळ. सकाळी आकडे लिहिले जातात. असल्या मोजणीतून नेमकी संख्या कळत नाही, कोणता प्राणी अजून आहे एवढे कळते. दुष्काळी भागात तेही पुष्कळ.

मोराच्या अडचणी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. भुईमूग आणि हरभरा उकरणारा मोर शेतकऱ्याला राष्ट्रीय पक्षी वाटत नाही. बियाण्याला लावलेले औषध किंवा उंदरांसाठी ठेवलेले विषारी दाणे खाऊन मोर मरतात. भर उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात विहिरीत पडतात. जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करण्यासाठी शिरूर कासार तालुक्यात तागडगाव येथे ‘सर्पराज्ञी’ हे केंद्र उभे राहिले, जिल्ह्यातल्या वन्यजीवांचा तो मोठा आधार झाला.

दोन्ही अभयारण्यांना आणि धारूरच्या डोंगरांना सारखा भेडसावणारा प्रश्न आहे बाहेरून आलेल्या वनस्पतींचा. टणटणी, म्हणजे घाणेरी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली आणि कुंपणावरून रानात गेली. वेडी बाभूळ त्याच शतकाच्या उत्तरार्धात सरपणासाठी आणली गेली. गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेत आले आणि पुढच्या दोन दशकांत प्रत्येक रस्त्याच्या कडेला पोचले. त्याचे पान खाणारा मेक्सिकन भुंगेरा १९८४ मध्ये बंगळूरला सोडण्यात आला, त्याने पावसाळ्यात काही ठिकाणी गाजरगवताचा जोर कमी केला, पण ते संपवले नाही. यांतली वेडी बाभूळ माळाला सर्वांत जड जाते. तिच्या गोड शेंगा शेळ्या आवडीने खातात, बी लेंडीतून न पचता बाहेर पडते आणि लेंडी पडेल तिथे झाड उगवते. बुंधा तोडला की दहा फुटवे येतात. पण गावच्या चुली आणि कोळशाच्या भट्ट्या तिच्यावर चालतात, त्यामुळे तिला सरसकट शत्रू म्हणणे गरिबाच्या सरपणावर हात घालण्यासारखे होते. तिचे निर्मूलन मुळासकट आणि वर्षानुवर्षे करावे लागते. एका आर्थिक वर्षाच्या तरतुदीत ते होत नाही.

धारूरकरांना या यादीत एक ओळखीचे नाव जोडावे लागेल. धारूरच्या डोंगरावरचे सीताफळही मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगिजांच्या काळात आलेले. पाला कडू, गुरे–शेळ्या तोंड लावत नाहीत. त्यामुळे चराईने बोडक्या झालेल्या उतारांवर तेच टिकले. आश्विन–कार्तिकात टोपल्या भरतात, घाटाच्या कडेला विक्री होते, ऊसतोडीला निघण्यापूर्वी अनेक घरांत चार पैसे येतात. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. परदेशी म्हणून त्याला कोणी उपटत नाही आणि उपटण्याचे कारणही नाही. ते दगडात एकेकटे वाढते, त्याच्या खाली गवत राहते, मोर त्याच्या सावलीत बसतो. घाणेरीच्या जाळीखाली गवताची काडी उगवत नाही. मूळ गाव विचारून झाडाचा निवाडा होत नसतो. शेजाऱ्याला ते जगू देते की नाही, हे पाहावे लागते. हीच कसोटी नान्नजला उंदीरमारी लावताना कोणी वापरली असती, तर तिथला बराच माळ उघडा राहिला असता.

माळढोकाचे पुढचे काम आता महाराष्ट्राबाहेर चालू आहे. केंद्र सरकार, राजस्थान वन विभाग आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१९ पासून जैसलमेरजवळ सम येथे रानातली अंडी उबवून पिल्ले वाढवायला सुरुवात केली. २०२४ मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून माळढोकाचे पिल्लू जन्मले. ही पिल्ले कधीतरी मोकळी सोडायची, तर आधी राखलेले गवत लागेल. नान्नजला ते अजून राखले जाते: चराईबंदी आहे, जाळरेषा आहेत, आगंतुक झाडे काढण्याचे काम आहे. कुसळी पिकते तेव्हा काळविटांचे कळप तिथे चरतात, लांडगे त्यांच्या मागावर असतात, धाविक वाटेवरून पळतो, थंडीत भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावर घिरट्या घालतो. नायगाव आणि धारूरच्या वाट्याला मोर आहेत. आषाढात पहिला मोठा पाऊस झाला की धारूरच्या घाटात वळणावळणावर त्यांचे ओरडणे ऐकू येते. नान्नजचा माळढोक त्याच महिन्यांत हुंकार देत असे.